माझं टाइमटेबल आणि नितेशचं जेवण

ईसीजीची पट्टी डॉक्टरांनी टेबलावर पसरली आणि पेनाच्या टोकाने दोन उंचवट्यांमधलं अंतर दाखवलं. "एवढं अंतर नको. याचं हृदय फार सावकाश चाललंय. ह्याला ब्रॅडिकार्डिया म्हणतात, म्हणजे नाडी मंदावणं. शरीराला अन्न मिळत नाही, म्हणून ते काटकसर करतंय."

मी म्हणालो, "डॉक्टर, पोरगा धावणारा आहे. धावणाऱ्यांची नाडी कमीच असते ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "धावणाऱ्याला मे महिन्यात थंडी वाजते का? तो बाहेर स्वेटर घालून बसलाय."

बसला होता खरा. डहाणूत मे महिन्यात अंगावर बनियन नकोसं होतं आणि माझा बावीस वर्षांचा पोरगा नितेश दवाखान्याच्या बाकड्यावर स्वेटरच्या बाह्या हाताच्या पंजांवर ओढून बसला होता. त्या दिवशी सकाळी शेताच्या बांधावर तो चक्कर येऊन पडला आणि उठेना, म्हणून आम्ही रिक्षात घालून त्याला आणलं होतं.

आजाराचं नाव डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: ॲनोरेक्सिया नर्वोसा. यात भूक मरत नाही. भूक लागते, पण मन खाऊ देत नाही. वजन वाढेल याची भीती अशी बसते की हाडं दिसायला लागली तरी माणसाला आपण जाडच वाटतो. त्यावर मी जो प्रश्न विचारला, त्याची मला आजही लाज वाटते. मी विचारलं, "हा पोरींना होतो ना?"

"पोरांनाही होतो," डॉक्टर म्हणाले. "फक्त उशिरा सापडतो. कारण त्यांचे वडील हा प्रश्न विचारत बसतात."

हे सगळं मी लिहितोय ते अशाच एखाद्या वडिलांसाठी. मी शिकलेला माणूस नाही. एसटीत ड्रायव्हर होतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. तलासरीजवळ वेवजीत घर, थोडं भात, थोडी नागली. आमच्या भागात पोर वाळलेलं दिसलं की लोक आधी घरात तांदूळ आहे का ते विचारतात. तांदूळ असताना पोर उपाशी राहतं, हे सांगायचं कोणाला आणि कसं? मेव्हण्याने अंगारे-धुपारे करणाऱ्या भगताचं नाव काढलं, तिथेही जाऊन आलो. भगत बिचारा चांगला माणूस. नितेशचं मनगट हातात धरलं आणि म्हणाला, "ह्याला दवाखान्यात ने." तरी मी महिना घालवला.

का घालवला, तेही सांगतो. मला पोराचा अभिमान होता.

नितेश पोलीस भरतीची तयारी करत होता. पहिल्या वेळी धावण्यात थोडक्यात राहिला. कोणीतरी म्हणालं, वजन जरा कमी असतं तर निघाला असतास. तेवढं वाक्य त्याने धरलं. पहाटे उठून धावणं, तेल बंद, गोड बंद, भात बंद. सकाळी ठरल्या मिनिटाला भाकरी, तिचे ठरलेले तुकडे, ठरल्या ताटात, ठरल्या जागी बसून. मी तलासरीच्या नाक्यावर जुन्या सोबत्यांना सांगत फिरायचो, "पोरगा शिस्तीचा निघाला. बापावर गेला." बावीस वर्षं मी एकाच मार्गावर गाडी चालवली होती. गाडी सुटायच्या वेळी धावत येणाऱ्या सोयऱ्यासाठीसुद्धा मी कधी थांबलो नाही. त्यामुळे घड्याळ लावून जेवणारा पोरगा मला देवाने माझ्यासाठीच घडवल्यासारखा वाटला.

त्याच्या आईला, सुमनला, आधी कळलं होतं. ती एकदा त्याची पँट घेऊन माझ्यापुढे आली. "ही तिसऱ्यांदा आत घेतली मी. बघा तरी. पोराचं पार चिपाड झालंय."

मी म्हणालो, "तू गप. त्याला भरती व्हायचंय, पैलवान नाय व्हायचंय."

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. आणि त्या घरातला दिवा मीच, असंही मला वाटत होतं.

वॉर्डातले पहिले दिवस मला नीट आठवत नाहीत, बाटल्या आणि रक्ताच्या नळ्या तेवढ्या आठवतात. रोज सकाळी रक्त घ्यायचे, पोटॅशियम आणि फॉस्फेट बघायचे. शरीरातले हे क्षार कमी झाले की हृदय अडखळतं. मला वाटलं, आता पोरगा हाती लागलाय तर खायला घालू दे. घरून डिंकाचे लाडू आणले, पिशवी टॉवेलात गुंडाळून. नर्सबाईंनी पकडलं. डॉक्टरांनी मला कोपऱ्यात घेऊन समजावलं. फार दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला दिलं तर रक्तातले क्षार झपाट्याने खाली जातात आणि जीवावर बेततं. त्याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून अन्न हळूहळू वाढवायचं, तेही त्यांच्या देखरेखीखाली. लाडू सुमनने वॉर्डातल्या बाकीच्यांना वाटले. नितेश पांघरुणातून बघत होता. म्हणाला, "बाबा, तू ड्रायव्हर होतास की स्मगलर?"

किती दिवसांनी बोलला होता तो माझ्याशी! मी नर्सबाईंची माफी मागितली ती हसत हसतच.

नाडी जरा सुधारली, तेव्हा घरी सोडलं. आहारतज्ज्ञ बाईंनी काय आणि किती खायचं त्याचा कागद दिला. डॉक्टरांनी बजावलं, "जेवणं नियमित हवीत. वजन घसरलं तर मुंबईला पाठवावं लागेल. नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल."

आता 'नियमित' हा शब्द माझ्यासारख्या माणसाला सांगायचा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. घरी येताच मी पुठ्ठा घेतला, स्केच पेनाने टाइमटेबल केलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं. नाश्ता, जेवण, मधलं खाणं, सगळं मिनिटासकट. नितेश ताटावर बसला की मी समोर बसायचो आणि घास मोजायचो. पहिले काही दिवस सगळं सुरळीत. मी सुमनला म्हणालोसुद्धा, "बघ, गाडी रुळावर आली."

मग एके दुपारी गॅस संपला. सुमनने चूल पेटवली, लाकडं ओली, भाकरी उशिरा झाली. फार नाही, वीसेक मिनिटं. नितेश ताटावर येऊन बसला, घड्याळ बघितलं आणि उठला.

"अरे बस ना, झालीय भाकरी," सुमन म्हणाली.

"वेळ गेली, आई. आता नाय खायचं."

"वेळ काय, भाकरी हाय ना समोर!"

"बाबाने लिवलंय ना दारावर. ती वेळ गेली."

त्या दिवशी तो काहीच जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही 'वेळ चुकल्याची शिक्षा' म्हणून अर्धंच खाल्लं. सुमनने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि दारावरचा पुठ्ठा फाडून त्याच चुलीत घातला. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला इतकी रागावलेली बघितली नव्हती.

पुढच्या तपासणीला मी सगळं कबूल केलं. डॉक्टरांनी आम्हाला मीनल मॅडमकडे पाठवलं. त्या मानसोपचाराचं काम करतात, दर शनिवारी डहाणूत बसतात. बोलणं मराठीत, मधूनच गुजराती, आणि हातात कायम रंगीत पत्त्यांचा जोड. मला आधी वाटलं, बाई भविष्य सांगणार.

त्यांनी उपचाराचं नाव सांगितलं: कॉग्निटिव्ह रिमेडिएशन थेरपी. सोप्या शब्दांत, विचारांचा व्यायाम. या आजारात बऱ्याच जणांचं मन एका नियमावर घट्ट बसतं आणि तिथून हलत नाही. एका नियमावरून दुसऱ्यावर जाण्याला त्या सेट-शिफ्टिंग म्हणतात. ते जमायला लागावं म्हणून छोटे छोटे खेळ. त्यात अन्नाचं आणि वजनाचं नावसुद्धा काढायचं नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "याने वजन वाढणार नाही. आहार, डॉक्टर, तपासण्या, ते सगळं चालूच राहील. पण मन थोडं सैल झालं, तर बाकीचे उपचार आत शिरतील."

मी मनात म्हटलं, पोरगा मरणाच्या दारात आणि ह्या पत्ते खेळणार.

पहिले दोन शनिवार मी बाहेर बसलो. तिसऱ्या शनिवारी त्यांनी दार उघडलं. "काका, आत या. आज तुम्हीपण खेळणार."

पत्त्यांवर आकार होते. कधी लाल चौकोन, कधी निळा गोल, कुठे एक, कुठे तीन. आधी रंगाप्रमाणे लावायचे. मॅडमनी टाळी वाजवली की आकाराप्रमाणे. परत टाळी, की संख्येप्रमाणे. सोपं वाटलं. टाळी वाजली. मी आपला लालावर लाल, निळ्यावर निळा लावत राहिलो. परत टाळी वाजली. मी तरीही लालावर लाल. नितेश माझ्या हाताकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"बाबा, गाडी वळव ना! स्टॉप कधीच गेला मागे!"

आणि तो हसला. तोंडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी त्या पत्त्यांपुढे ओशाळून बसलो होतो आणि त्याच वेळी मला वाटत होतं, मॅडमनी दिवसभर टाळ्या वाजवाव्यात.

दुसरा खेळ त्याच्यावर उलटला. आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. त्याच्या हातात एक चित्र, माझ्या हातात कोरा कागद. तो सांगेल तसं मी काढायचं. "एक तिरकी रेघ, दोन बोटं. तिच्या टोकापासून खाली उभी रेघ, तीन बोटं. नाय, तीनला जरा कमी." दहा मिनिटं झाली. माझ्या कागदावर मोडकी खाट तयार झाली होती. मॅडम म्हणाल्या, "आता हेच एका वाक्यात सांग." त्याने चित्र हातभर लांब धरलं. मग हळू म्हणाला, "घर आहे. मागे सूर्य आहे."

त्याला बारीकसारीक दिसतं, पण सगळं मिळून काय झालंय ते दिसत नाही. सेंट्रल कोहेरन्स की काय ते कमी पडतं, असं मॅडम म्हणाल्या. म्हणजे तुकड्यांवरून पूर्ण चित्र धरणं. भाजीतला तेलाचा थेंब त्याला दिसायचा, आईचा चेहरा दिसायचा नाही. त्या दिवशी त्याने घरी येऊन सुमनला विचारलं, "आई, तू बारीक झालीस का गं?" ती मोरीत जाऊन रडली.

मी मॅडमना एकटा भेटलो. म्हटलं, "हा आजार माझ्यापासून आला का? खाण तशी माती?"

"काका, स्वभाव घराघरात उतरतो. त्यात दोष नाही कोणाचा," त्या म्हणाल्या. "याच स्वभावावर तुम्ही एवढी वर्षं गाडी चालवली, एका माणसाला खरचटू दिलं नाही. आजाराने तोच स्वभाव पोरावर उलटवला. आपण स्वभाव काढून टाकत नाही आहोत, त्याला वळायला शिकवतोय."

हे वाक्य मी कितीदा तरी आठवलं असेल.

मग घरचा अभ्यास सुरू झाला. रोज एक छोटी गोष्ट वेगळी करायची. नितेशने घड्याळ उजव्या हातात बांधलं. डाव्या हाताने दात घासले. जेवायची जागा बदलली. सुमनच्या जागेवर जाऊन बसला, तेव्हा तिला त्याची जागा मिळाली आणि तिथे थेट पंख्याचा वारा येतो हे तिला इतक्या वर्षांनी कळलं. मला अभ्यास दिला तो सगळ्यांत अवघड: जेवताना त्याच्या ताटाकडे बघायचं नाही आणि घास मोजायचे नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलो. सुमन म्हणाली, "नवीन नवरीसारखे काय बसलात!"

एका शनिवारी मॅडमनी नकाशा पसरला. "घरून इथे यायच्या तीन वाटा शोधा."

मी म्हणालो, "वाट एकच. वेवजीवरून तलासरी, हायवेने चारोटी, मग आशागडवरून डहाणू."

नितेशने बोट ठेवलं. "बाबा, उंबरगाववरून झाई, बोर्डी, घोलवड. किनाऱ्याने. जवळ पडतं."

जवळ पडतं! आजारी पोराला मोटारसायकलवर बसवून मी कितीतरी शनिवार लांबचा वळसा घेत होतो, कारण त्या बाजूने माझी गाडी जायची. बोर्डी मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे, पोरपणी जत्रेला गेलोय तिथे. पण 'डहाणूला जायचं' म्हटलं की माझे हात आपोआप तलासरीकडे वळायचे. पुढच्या शनिवारी आम्ही किनाऱ्याने आलो. मला पूर्ण वाट चुकल्यासारखं होत होतं, आणि पोरगा मागे बसून सुरूच्या झाडांकडे बघत शीळ घालत होता.

इथून सगळं सरळ झालं असं समजू नका. पावसाळा सरता सरता भरतीची जाहिरात आली आणि नितेश चोरून धावायला लागला. वजन घसरलं. डॉक्टरांनी मुंबईची चिठ्ठी लिहायला घेतली. त्या दिवशी घरी येऊन मी ताट भिरकावलं आणि नको नको ते बोललो. मरायचंय तर मर, असंही बोललो. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, मला थांबता येत नाय. तुला वाटतं मी ऐकत नाय. मला येतच नाय थांबता."

मी त्याला जवळ घेतलं. बरगड्या हाताला लागल्या. मी म्हणालो, "मला पण येत नव्हतं, बाळा. टाळी वाजली तरी."

दुसऱ्या दिवशी त्याने बूट आणून आईजवळ दिले. कपाटात ठेव आणि चावी लपव म्हणाला. डॉक्टरांनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. त्या पंधरा दिवसांत माझ्या डोक्यावरचे उरलेले केसही पांढरे झाले. पण वजन थांबलं. मग मुंगीच्या पावलाने वर सरकलं.

थंडीत डॉक्टर समाधानी होते. मॅडम मात्र म्हणाल्या, "आता बघा, आहाराचा कागद हाच त्याचा नवा नियम झालाय." खरं होतं. कागदावर दोन भाकऱ्या, तर दोनच. शेजारणीने प्रेमाने वाटीभर खीर आणली तर तोंड पांढरंफटक. कागदात नाही म्हणून केळंसुद्धा नको. तो जेवत होता, जगत होता, आणि तरीही त्याच्यावर पहारा होताच. मी विचारलं, "मग बरा झाला हे कळणार कसं?" मॅडम म्हणाल्या, "पोटाचं ऐकून खायला लागेल तेव्हा. आणि पोटाचं ऐकून थांबेलही. तेव्हा तुम्ही घाबराल, काका. आत्ताच सांगून ठेवते."

तुमच्या घरात असं कोणी असेल तर एवढंच सांगतो. पोर शिस्तीचं झालंय म्हणून खूश होण्याआधी त्याच्या आईला विचारा. थंडी, चक्कर, कपडे सैल होणं, एकट्याने जेवणं, यांतलं काही दिसलं की आधी डॉक्टरकडे जा, ईसीजी काढा. लाज बाळगू नका. मला अजून रोज जे काही कळतं ते डॉक्टरांमुळे, मीनल मॅडममुळे, आणि ज्या बाईने माझा पुठ्ठा चुलीत घातला तिच्यामुळे. तिचे आभार मी तोंडाने कधी मानले नाहीत. इथे मानतो.

नितेश आता तलासरीत मोबाइलच्या दुकानात काम करतो. शनिवार अजून चुकवत नाही. पूर्ण बरा आहे का? डॉक्टर म्हणतात, वाटेवर आहे.

या उन्हाळ्यात त्याच्या मामाने आम्हाला आशागडला जेवायला बोलावलं. मामीचं जेवण तासभर उशिरा झालं. नितेश मामाशी गप्पा मारत बसला होता, त्याने घड्याळ बघितलं की नाही ते मला कळलं नाही, कारण मी स्वतःचंच घड्याळ बघत होतो. तांदळाची भाकरी, वालाची भाजी, सुकटाची चटणी. त्याने पहिली भाकरी खाल्ली. दुसरी घेतली. ती अर्धी झाली आणि त्याने हात थांबवला.

"आणखी घे ना रे," मामी म्हणाली.

"नको मामी. पोट भरलं."

पोट भरलं, की तो आजार बोलतोय? हे सांगणारं यंत्र कुठल्याच दवाखान्यात नाही. जिभेवर शब्द आले होते, 'ती अर्धी संपव.' समोर सुमन बसली होती. तिने नुसती मान हलवली, नाही म्हणून. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. ताटातली ती अर्धी भाकरी मामीने उचलून नेली, तेव्हा मला कोणीतरी माझं काळीज उचलून नेल्यासारखं झालं.

सुमन भावाकडे राहिली. आम्ही दोघे निघालो. चार वाजत आले होते, ऊन उतरत होतं. नितेश मागे बसला होता आणि मी मनात डॉक्टरांना काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होतो.

"बाबा, थांब. थांब ना!"

मी ब्रेक मारला. रस्त्याकडेला झाडाखाली एक बाई ताडगोळे सोलत बसली होती. नितेश उतरला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "दे गं मावशी." तिने सोलून पानावर ठेवला, त्याने तोंडात टाकला. पाणी हनुवटीवरून शर्टावर ओघळलं. तिने दुसरा दिला. मग त्याने एक माझ्या हातात ठेवला. "कोवळा हाय, खा." मी खाल्ला. ती सोलत गेली, तो खात गेला, मध्येच मला देत गेला, आणि मामाच्या घरातल्या गमती सांगत गेला. मीही हसत होतो, तोंड भरलेलं असताना.

बाईने चाकू पुसला आणि विचारलं, "किती झाले रे तुमचे?"

नितेशने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. दोघांनाही माहीत नव्हतं.